मळखाऊ

माझ्या सासूचा, सिल्वीचा, पाण्यावर विश्वास नाही.
लोकरीला बर्फच, ती म्हणते,
आणि तोही उणे दहाच्या खालचा, कोरडा,
मुठीत दाबला तरी लाडू न वळणारा.
जानेवारीत औलूच्या अंगणात ती गालिचा पालथा घालते
आणि वेताच्या थापीने पाठीवर बारा, पंधरा, वीस.
मोजत नाही म्हणते, पण ओठ हलतात.
उचलला की बर्फावर उरतो करडा चौकोन,
वर्षभरातल्या सगळ्या बुटांचा जबाब.
मग दोन पावलं सरकून कोऱ्या बर्फावर पुन्हा.
चौथा चौकोन पांढरा निघाला की काम संपलं.
कुत्रा पहिल्या चौकोनाचा वास घेत बराच वेळ उभा राहतो.

शेजारचा ओइवा धक्क्याच्या पक्षाचा.
जूनमध्ये नदीकाठी लांब लाकडी टेबलं,
पाइनच्या तेलाचा साबण, राठ ब्रश,
कोपरापर्यंत फेस आणि गावभरच्या गप्पा.
चिंध्यांच्या सतरंज्यांना ते मानवतं, हे मान्य.
तिथून येतात त्या न्हाऊन आलेल्या पोरांसारख्या,
महिनाभर घराला जंगलाचा वास.
पण एका वर्षी ओइवाच्या नादाने आम्ही हाच गालिचा नेला.
भिजल्यावर तो चौघांना उचलेना.
सहा दिवस कठड्यावर लोंबला,
वाळला तेव्हा कोपरा पापडासारखा ताठ,
आणि आत राहिलेल्या साबणाने
पुढचं वर्षभर धुळीला आवतण दिलं.
सिल्वी काही बोलली नाही.
तिचं न बोलणं वरच्या मजल्यावर ऐकू येतं.

मी? मी शनिवारी वॅक्यूम फिरवते.
समांतर पट्टे उमटतात, बरं वाटतं.
डाग पडला तर आधी सोडा, मग व्हिनेगर,
मग खुर्ची.

या शरद ऋतूत भाचा योउनी नवं यंत्र घेऊन आला,
कर्ज काढून घेतलेलं, म्हणून फार बोलत होता.
गरम पाणी मुळाशी मारायचं
आणि ते जिरायच्या आत ओढून घ्यायचं.
न भिजवता धुतो, म्हणाला, मावशी, बघाच तुम्ही.
पारदर्शक टाकीत चढत गेलं काळं पाणी:
शेगडीची राख, दोन कुत्री,
तीन अंत्यविधींनंतरची कॉफी.

आणि नळीच्या मागे एक पट्टा उमटला.
हिरवा.

आम्ही त्या खोलीला तपकिरी खोली म्हणतो.
पडदे तपकिरी घेतले, त्याला जुळावेत म्हणून.
योउनीने यंत्र बंद केलं, त्याला वाटलं रंग जळाला.

सिल्वीने चष्मा पुसला.
हिरवाच होता, म्हणाली. मीच निवडला होता,
उथळ पाण्यात शेवाळ दिसतं तसा.
दुकानदार म्हणाला होता, बाई, हा मळखाऊ नाही,
तपकिरी घ्या, दिसणार नाही काही.

मग इतकी वर्षं तुम्ही सांगितलं का नाही?

मला दिसायचा की, ती म्हणाली.
दर जानेवारीत. पालथा घातला की.
मागची बाजू कुणी तुडवत नाही.
धक्क्यावर तुम्ही चौघं होता, पण ओलं झालं की सगळं काळंच.
अंगणात मदतीला कुणी आलं असतं
तर त्यालाही दिसला असता.

योउनी अर्ध्यावर थांबला होता.
उरलेला काढू का, त्याने विचारलं.
त्या दोघींपैकी कोणाला विचारलं, ते कळलं नाही,
म्हणून दोघींपैकी कुणीच उत्तर दिलं नाही.
तो टाकी ओतायला निघाला तर सिल्वीने ती हातातून घेतली,
स्वतः बाहेर जाऊन काळ्या मनुकांच्या झुडपापाशी रिकामी केली,
सावकाश, जणू मोजते आहे.

गालिचा अजून तसाच आहे, खिडकीकडे हिरवा,
शेगडीकडे आमचा नेहमीचा.
मधली रेघ ओलांडताना मी अजून पाय उचलते.

जानेवारी आला. उणे सातच आहे.
ती रोज सकाळी थर्मामीटर बघून येते.
तिच्या मागोमाग मीही.